गोळी मोफत, पुढचं सगळं पदरचं: तीव्र मानसिक आजार आणि सरकारी पैशाची वाट

प्रश्न थोडक्यात असा: भावाला नऊ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. खासगी डॉक्टर परवडेनासे झाले म्हणून घरच्यांनी सिव्हिलची वाट धरली. तिथे एक महिना गोळ्या मिळतात, दोन महिने बाहेरून आणायला सांगतात. २०१७ च्या कायद्यात उपचार मोफत आहेत असं बहिणीने वाचलंय. मग सरकारचा पैसा जातो कुठे, आणि आम्ही कुणाकडे काय मागायचं?

ताई, आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आपल्याकडचा सरकारी आरोग्याचा पैसा मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाभोवती बांधलेला आहे. खाट असली की निधी असतो, पॅकेज असतं, पद मंजूर असतं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा रुग्ण मात्र आयुष्यातले बहुतेक दिवस घरी काढतो. त्याला लागते ती महिन्याची गोळी, ठरलेल्या वेळची रक्ततपासणी, बसभाडं, आणि आईवडिलांच्या पश्चात राहायला जागा. कायदा या सगळ्याबद्दल बोलतो. पैसा यातल्या पहिल्या गोष्टीपर्यंत कसाबसा पोचतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम १८ तुमच्या कामाचं आहे. १८(७) म्हणतं की दारिद्र्यरेषेखालची व्यक्ती, मग तिच्याकडे तसं कार्ड असो वा नसो, तसंच निराधार किंवा बेघर व्यक्ती यांना सरकारी आणि सरकारी निधीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांत उपचार मोफत. १८(१०) त्याहून व्यापक आहे आणि नेमकं तेच लोकांना माहीत नसतं. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, सर्व मानसिक रुग्णांना, कायम मोफत मिळाली पाहिजेत. इथे उत्पन्नाची अट नाही. ‘सर्व वेळी’ हे शब्द कायद्यातच आहेत. म्हणजे ‘स्टॉक संपलाय, पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. रेशनकार्डाचा रंग विचारणाऱ्या खिडकीवर ही दोन पोटकलमं वेगवेगळी सांगता आली पाहिजेत.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, उपचार सगळं निःशुल्क आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे असल्याने त्यांना हा निर्णय लागू नाही. एकाच गावात सिव्हिल आणि मेडिकल कॉलेज असेल तर एका इमारतीत पैसे लागत नाहीत आणि दुसरीत लागतात, हे त्यामुळेच.

आता पैशाकडे. केंद्राच्या अर्थसंकल्पात ‘मानसिक आरोग्य’ म्हणून जे दिसतं ते २०२४-२५ मध्ये साधारण १,००० कोटी रुपये होतं. आरोग्य मंत्रालयाच्या ९० हजार कोटींच्या आसपासच्या तरतुदीत हा वाटा जेमतेम एक टक्का. त्यातले ८५० कोटी एकट्या बंगळुरूच्या निम्हान्सला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेला, सुमारे ६४ कोटी आसाममधल्या तेजपूरच्या मानसिक आरोग्य संस्थेला आणि ९० कोटी टेलिमानस या फोनसेवेला. हे आकडे पाहून पुष्कळ जण म्हणतात की जिल्ह्यांना काहीच मिळत नाही. तसं नाही. जिल्ह्यांचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या असंसर्गजन्य आजारांच्या निधीत मिसळलेला असतो, त्यामुळे तो या ओळींत दिसत नाही. निम्हान्सला एवढा पैसा कशाला, असा सूर लावण्यातही अर्थ नाही. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, प्रशिक्षित परिचारिका तिथून बाहेर पडतात. अडचण आहे ती जिल्ह्याच्या ओळीची.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. बल्लारी जिल्ह्यातल्या प्रयोगावरून तो उभा राहिला, आणि आता कागदावर ७६७ जिल्ह्यांना मंजूर आहे. एका जिल्ह्याला वर्षाला कमाल ८३.२ लाख रुपये असं सूत्र. त्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका, नोंदी ठेवणारा कर्मचारी, औषधं, प्रशिक्षण, फिरती शिबिरं, जनजागृती सगळं बसवायचं. शिवाय जिल्ह्याला १० खाटांची आंतररुग्ण सोय अपेक्षित.

या ८३.२ लाखांचं गणित एकदा कागदावर मांडा. ३० लाख लोकसंख्येचा जिल्हा धरा, त्यात साधारण २० लाख प्रौढ. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजाराचं चालू प्रमाण प्रौढांत ०.८ टक्के निघालं. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण दुसरा आधार घ्यायला नाही.) म्हणजे १६,००० माणसं. पूर्ण रक्कम मिळाली आणि ती फक्त याच आजारांवर खर्च केली तरी माणशी वर्षाला ५२० रुपये. महिन्याला त्रेचाळीस. त्यातून आधी पगार जातात. दहातला एकच रुग्ण दर महिन्याला ओपीडीत आला तरी १,६००. वीस ओपीडी दिवसांत वाटले तर दिवसाला ८०. डॉक्टर एकटा आणि ओपीडी पाच तास, तर एका रुग्णाला पावणेचार मिनिटं. त्या पावणेचार मिनिटांत ‘झोप लागते का, गोळ्या घेतो का’ एवढंच होतं. तुमच्या भावाशी डॉक्टर नीट बोलत नाहीत ही तक्रार खरी असेल, पण तिचं मूळ बहुतेक वेळा या भागाकारात सापडतं.

त्यातही मंजूर रक्कम आणि खर्च यांत तफावत असते. पदं कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांची. बाहेर खासगीत मनोविकारतज्ज्ञाला मिळणारे पैसे आणि कंत्राटी मानधन यांत एवढं अंतर आहे की जाहिरात निघते आणि कुणी येत नाही. पद रिकामं राहिलं की पगाराची रक्कम पडून राहते. ती औषधांकडे वळवता येत नाही, कारण खर्चाचं शीर्ष वेगळं. वर्षाअखेर अखर्चित निधी दिसतो, आणि पुढच्या आराखड्यावर चर्चा करताना वरून विचारणा होते: मागचेच संपले नाहीत, मग जास्त कशाला? ज्या जिल्ह्याला गरज जास्त, त्याचीच मागणी अशी कापली जाते. २०१७ च्या कायद्यात सरकारने दहा वर्षांत मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. कायदा २०१८ पासून लागू आहे, म्हणजे ती मुदत २०२८ ला भरते.

गोळ्या का संपतात ते आता पाहू. इथे थोडं थांबावं लागेल, कारण चोरी किंवा हलगर्जी एवढंच कारण धरून चालणारे लोक चुकीच्या जागी भांडतात.

औषधांची वार्षिक मागणी बहुधा मागच्या वर्षीच्या ‘खपा’वरून निघते. समजा एका रुग्णालयात रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाच्या २ मिलिग्रॅमच्या दिवसाला दोन गोळ्या घेणारे ५०० रुग्ण आहेत. खरी गरज वर्षाला ३,६५,००० गोळ्यांची. पण मागच्या वर्षी पुरवठा चारच महिने झाला, म्हणून भांडाराच्या नोंदीत खप दिसतो साधारण १,२०,०००. औषधनिर्माण अधिकारी त्यावर दहा टक्के वाढवतो आणि १,३२,००० चं मागणीपत्र पाठवतो. नियमानुसार त्याने बरोबर केलं. रुग्णांना पुन्हा चार-साडेचार महिन्यांचीच गोळी मिळणार हे मात्र त्याच दिवशी ठरून गेलं. वर आणखी एक पेच आहे. क्लोझापिन (इतर गोळ्यांनी गुण येत नाही तेव्हा स्किझोफ्रेनियात देतात ते औषध) भांडारात नाही हे माहीत असलेला डॉक्टर ते केसपेपरवर लिहीतच नाही, किंवा साध्या चिठ्ठीवर बाहेरचं लिहून देतो. लिहिलं नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून पुरवठा नाही.

यावर उपाय महागडा नाही. मागणी खपावरून न काढता नोंदणीकृत रुग्णांच्या संख्येवरून आणि त्यांच्या डोसवरून काढायची, वर तीन महिन्यांचा राखीव साठा धरायचा. राज्याची खरेदी आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत होते. वरून माल येईपर्यंतची दरी भरायला रुग्णालयाकडे स्थानिक खरेदीचा अधिकार असतो, रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो, जिल्हा नियोजन समितीचा पैसाही औषधांना वापरता येतो. तुम्ही करायचं काम एकच, पण ते दर वेळी करायचं: गोळी मिळाली नाही तर केसपेपरवर औषधाचं नाव, डोस आणि ‘उपलब्ध नाही’ असा शेरा तारखेसह मागून घ्या. तोंडी ‘नाही’चा कुठेच पुरावा राहत नाही. दहा कुटुंबांचे असे शेरे एकत्र आले की जिल्हा शल्य चिकित्सकांना स्थानिक खरेदीच्या फाइलवर लावायला कागद मिळतो. बरेचदा त्यांनाही तो हवाच असतो.

खंड पडला की काय होतं हे औषधागणिक वेगळं आहे, आणि पैशाच्या चर्चेत ते कुणी धरत नाही. क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर जुन्याच डोसवर परत सुरू करता येत नाही. ३०० मिलिग्रॅमवर स्थिर असलेला माणूस पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवावा लागतो, नाहीतर रक्तदाब एकदम पडणं, झटका येणं असे धोके असतात. म्हणजे दोन-तीन दिवसांच्या तुटवड्याची किंमत काही आठवड्यांच्या अस्थिरतेत मोजावी लागते. कधी दाखलही करावं लागतं. तुमचा भाऊ क्लोझापिनवर असेल तर घरात पंधरा दिवसांचा साठा शिल्लक असतानाच पुढची खेप आणा. हातात पट्टी संपत आली की मग बघू, हे इथे चालत नाही.

तपासण्या ही दुसरी गळती. क्लोझापिनसाठी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची मोजणी, नंतर महिन्यातून एकदा. पहिल्या वर्षात साधारण २६ फेऱ्या. तपासणी मोफत आहे, पण २६ दिवसांची दोन माणसांची मजुरी आणि एसटीचं भाडं कुठल्याच तरतुदीत नाही. म्हणून ही मोजणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्हावी आणि अहवाल जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोनवर कळावा, अशी सोय मागून घ्यायची. त्यासाठी नवा पैसा लागत नाही. दोन डॉक्टरांचं आपसात बोलणं लागतं.

लिथियम म्हणजे बायपोलरमध्ये देतात ती गोळी; तिचं दुखणं आणखी वेगळं. गोळी स्वस्त, यादीतली, पण रक्तातलं प्रमाण मोजण्याची सोय पुष्कळ जिल्हा रुग्णालयांत नसते. प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान राखायचं असतं. त्याखाली उपयोग होत नाही, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. नमुना रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचा. आणि नळी बघायची: हिरव्या झाकणाच्या नळीत लिथियम हेपारिन असेल तर अहवालात आकडा फुगून येतो, डॉक्टर घाबरून गोळी कमी करतो आणि दोन आठवड्यांत रुग्णाला तेजी, म्हणजे उन्मादाचा झटका, येते. साध्या लाल झाकणाच्या नळीने हा घोळ टळतो. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने लागते. रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेच्या मोफत तपासण्यांच्या यादीत लिथियम आहे का, हे तिथेच विचारा. नसेल तर रुग्ण कल्याण समितीकडे अर्ज द्या. ‘यादीत नाही’ म्हणजे ‘होऊ शकत नाही’ असा अर्थ नसतो.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात. फ्लूफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉलचं तेलातलं डेपो इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी एकदा द्यायचं असतं. फ्रिज लागत नाही, किंमत मामुली, आणि गोळी घेतली की थुंकली हा रोजचा वाद मिटतो. सरकारी व्यवस्थेत याइतका कमी पैशात जास्त उपयोगाचा उपचार दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. तरी ते गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत नाही, कारण तिथल्या नर्सला कुणी प्रशिक्षण दिलेलं नसतं आणि इंजेक्शनने अंगात ताठरपणा आला तर काय करायचं याची भीती असते. एक दिवसाचं प्रशिक्षण आणि सोबत ताठरपणावरचं प्रोमेथाझिन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल ठेवणं, एवढ्यावर काम भागतं.

आता दाखल करण्याचा पैसा. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५, मिळून ५,६९५ मंजूर खाटा. हा आकडा ऐकून खाटा कमी आहेत असं वाटत नाही. पण तुमच्या भावाला आजार उफाळल्यावर लागते ती तीन-चार आठवड्यांची खाट, घरापासून तासाभराच्या अंतरावर. ती सिव्हिलच्या १० खाटांच्या कक्षात असायला हवी, आणि तोच कक्ष अनेक ठिकाणी मेडिसिन वॉर्डातल्या दोन कोपऱ्यांत संपतो. उलट मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं राहिलेली, बरी झालेली, पण नेणारं कुणी नाही अशी माणसं खाटा धरून आहेत. त्यांच्यावर होणारा खर्च उपचाराचा म्हणून मोजला जातो. खरं तर तो घरभाडं आणि जेवणाचा खर्च आहे, आणि तोही सर्वांत महागड्या जागी. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्याचा मार्ग राज्याने धरला, तेव्हा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवायला सांगितला.

कलम १९ नुसार अशा लोकांना समाजात राहण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी अर्धविश्राम गृहं म्हणजे हाफवे होम, आधारयुक्त निवास उभारणं सरकारची जबाबदारी आहे. इथे दोन खात्यांच्या मधली फट आडवी येते. उपचार आरोग्य खात्याकडे, पुनर्वसन सामाजिक न्याय खात्याकडे. केंद्राची दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना हाफवे होम चालवणाऱ्या संस्थांना अनुदान देते, पण ती त्या दुसऱ्या खात्याची. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभागही स्वतंत्र झालाय. आरोग्य खातं म्हणतं घर देणं आमचं काम नाही, आणि दुसरं खातं म्हणतं मनोरुग्ण आमच्याकडे येतच नाहीत. चेन्नईच्या बनियन संस्थेने चार-पाच जणींना भाड्याच्या साध्या घरात, मदतनिसासह ठेवण्याची ‘होम अगेन’ पद्धत रुजवली. तिच्यात नवी इमारत लागत नाही, म्हणून ठेकाही निघत नाही. अशा योजना सरकारी फायलीत मागे का पडतात याचं उत्तर कदाचित यातच असेल. परवाना नसलेल्या, स्वस्त ‘आश्रमां’चा मोह मात्र टाळा. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळीने बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून गेले, त्या जागी त्यांना घरच्यांनीच नेऊन सोडलं होतं. संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारायचं, फी नंतर.

आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजना या दोन्ही दाखल झाल्यावरच कामाला येतात. ओपीडीची गोळी, तपासणी, समुपदेशन त्यांत नाही. मानसिक आजारांची पॅकेजेस आहेत, पण ती पूर्वपरवानगी घेऊन आणि मुख्यतः सरकारी रुग्णालयांत. त्यामुळे कार्ड काढून ठेवा, पण त्यावर महिन्याच्या खर्चाची भिस्त ठेवू नका.

खासगी आरोग्य विमा असेल तर कलम २१(४) लक्षात ठेवा: शारीरिक आजाराला जे संरक्षण, तेच मानसिक आजाराला. विमा नियामकाने २०१८ मध्ये परिपत्रक काढलं, आणि कंपन्या टाळाटाळ करतात म्हणून २०२२ मध्ये ३१ ऑक्टोबरची मुदत घालून पुन्हा बजावलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असंच एक प्रकरण निकाली काढलं. स्किझोअफेक्टिव्ह आजाराच्या रुग्णाला कंपनीने ५० हजारांची मर्यादा दाखवली होती. न्यायालयाने ती अमान्य केली. आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षाकाळ लावता येतो, पण २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षं. प्रस्तावात आजार लपवू नका. मानसिक आजाराचे दावे पडतात त्यामागे ‘माहिती दडवली’ हे कारण फार वेळा असतं. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं, एवढंच बंधन.

तुमच्या हातात सगळ्यात जास्त असलेली गोष्ट म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार हे २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. ४० टक्के भरले तर योजना लागू. मोजमाप ‘आयडियाज’ नावाच्या मापनपट्टीवर होतं. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार भागांना प्रत्येकी ० ते ४ गुण, त्यात आजाराच्या काळाचे १ ते ४ गुण मिळवायचे. दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षांना २, सहा ते दहा वर्षांना ३, त्यापुढे ४. एकूण ७ किंवा जास्त झाले की ४० टक्क्यांच्या पुढे. भावाचे नऊ वर्षांचे ३ गुण नक्की आहेत, पण जुने केसपेपर दाखवले तरच. म्हणून पहिल्या डॉक्टरची पिवळी पडलेली चिठ्ठीसुद्धा फेकू नका.

गोम दुसरीकडे आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर आई लाजेखातर सांगते, ‘तसा तो सगळं करतो हो.’ आंघोळ करतो, पण आठवड्यातून एकदा आणि चार वेळा सांगितल्यावर. दुकानात जातो, पण सुटे पैसे न घेताच परततो. नोकरीला लागला, पण पंधरा दिवसांवर टिकला नाही. हे बोललंच गेलं नाही तर चार भागांत कुठे शून्य, कुठे एक पडतो आणि प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खालीच अडकतं. जायच्या आदल्या दिवशी मागच्या दोन महिन्यांतलं असं सगळं कागदावर लिहून घ्या. वाढवून सांगायचं नाही, झाकायचंही नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं तर मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ती उलटली की अनुदान थांबतं आणि परत सुरू करताना जीव जातो.

प्रमाणपत्र हातात आलं की तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज द्या. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे, इतरांसाठीच्या २१ हजारांपेक्षा जास्त. महिना १,५०० रुपये मिळत होते, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय झाला. दुसरा स्रोत गावातच आहे: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी स्वनिधीतला ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो बहुतेक वेळा सरसकट वाटपात संपतो. मानसिक रुग्णाच्या औषधाला किंवा दवाखान्याच्या प्रवासाला म्हणून कुणी अर्जच केलेला नसतो. ग्रामसेवकाला लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

एका चुकीच्या दारापासून सावध करतो. ‘निरामय’ विमा योजना आणि राष्ट्रीय न्यासाचं पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठीच आहे. मानसिक आजार त्यात नाही. एजंट फॉर्म भरून घेतात, पैसे घेतात आणि अर्ज फेटाळला जातो.

जिल्ह्यात किमान सेवाच नसेल तर कलम १८(५) आणि २०१८ चे केंद्रीय नियम म्हणतात की जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने भरायचा, सीजीएचएस म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या दरांच्या मर्यादेत. अर्ज जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, आपल्याकडे व्यवहारात जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. पैसे पटकन हातात पडतील अशी आशा मी लावणार नाही. तरी मूळ बिलं आणि ‘उपलब्ध नाही’चे शेरे जोडून अर्ज जरूर द्या. नाकारला तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाता येतं. हक्क डावलल्याची तक्रार साध्या कागदावर चालते, फी नाही, आणि असे अर्ज ९० दिवसांत निकाली काढणं मंडळावर बंधनकारक आहे. तुमच्या जिल्ह्यासाठी कुठलं मंडळ आहे ते रुग्णालयाच्या मनोविकार विभागात लावलेलं असायला हवं. नसेल तर विचारा.

शेवटी, एकट्या भावापुरतं न थांबता जिल्ह्याचं काही हलवायचं असेल तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज पुरतो. पण प्रश्न मोघम नकोत. ‘मानसिक आरोग्यासाठी काय केलं’ असं विचारलं की शिबिरांचे फोटो येतात. विचारायचं ते असं: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि प्रत्येक पद किती महिने रिकामं होतं, मागच्या तीन वर्षांत मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च, शीर्षनिहाय, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, फ्लूफेनाझिन इंजेक्शन, क्लोझापिन, लिथियम आणि व्हॅल्प्रोएट यांचा साठा कोणत्या महिन्यांत शून्य होता, तीव्र मानसिक आजाराचे नोंदणीकृत रुग्ण किती, आणि त्यातले मागच्या तीन महिन्यांत एकदा तरी आलेले किती. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. राज्याला केंद्राने काय मंजूर केलं त्याचा कागद राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळावर असतो, तो शेजारी ठेवून वाचा. आराखडा आता दोन-दोन वर्षांचा होतो आणि त्याची तयारी आर्थिक वर्ष संपण्याच्या काही महिने आधी सुरू होते, म्हणून अर्ज पावसाळा सरताच टाका. मार्चमध्ये आलेलं उत्तर पुढची दोन वर्षं नुसतं फायलीत राहतं.

आणि या सगळ्या धावपळीत भावाचा आजार रात्री-बेरात्री उफाळला तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ते गाडी पाठवणार नाहीत, पण कोणती गोळी द्यायची, कोणती नाही आणि जवळच्या कुठल्या रुग्णालयात न्यायचं, हे विचारता येतं. फोन लावण्याआधी त्याच्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा केसपेपर समोर ठेवा. ते पहिला प्रश्न तोच विचारतात.